नऊशे नव्व्याण्णव

माझे यजमान गेल्यावर चार महिने मी त्यांची ती फाईल उघडली नाही.

फाईलमध्ये नुसते आकडे होते. धारूरच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर आहे. तिच्यातलं पाणी काठापासून किती फूट खाली आहे, हे यजमान नऊ वर्षं रोज सकाळी जाऊन मोजत. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला असे. आकडा आधी वहीत. आमच्याकडे अमावस्येला औत जुंपत नाहीत. हे कॉलेजात भूगोल शिकवणारे, औताशी काही संबंध नाही, पण महिन्याचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायला त्यांनी तोच दिवस धरला होता.

त्यांचे मित्र, फिजिक्सचे सर, त्या चार महिन्यांनंतर एकदा म्हणाले, "वहिनी, आलेख काढू. पाणी कसं उतरतं ते गावाला दाखवू." मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. दुपारी लायब्ररी रिकामी झाली की सर मला पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकवू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "वाचायला उघडायची तर 'आर' लिहायचं. चुकून 'डब्ल्यू' लिहिलं तर फाईल कोरी, अन् ते विचारणारबी न्हाई. आधी कॉपी करा."

मी तीन कॉप्या केल्या. तरी ओळ लिहून झाली की एंटरवर बोट ठेवून बसून राहायची. सरांना वाटे, फाईल पुसली जाईल म्हणून मी भिते. पुसली गेली असती तर, खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात हे अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणाले, "तेवढं मोजून येशील का?" अकरा दिवस मी गेले. त्या विहिरीला कठडा नाही. काठाची माती सुटलेली. पहिल्या दिवशी मी दहा पावलं अलीकडेच थांबले, पाय पुढे सरेनात. येताना वहीत अंदाजे आकडा लिहिला. पुढे रोज तसंच. उन्हाळा आहे, पाणी कमी होणार, म्हणून आकडाही रोज थोडा कमी करत गेले. काठापासून मोजताना पाणी आटलं की आकडा वाढतो, हे सर शिकवू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हे संध्याकाळी वही बघत आणि मिटून ठेवत. बाराव्या दिवशी जरा बरं वाटलं तसे स्वतःच गेले. अमावस्येला आकडे चढवले. त्यानंतर आठवडाभरात संपलं सगळं.

म्हणजे आलेखात भर उन्हाळ्यात पाणी वर चढलेलं दिसणार होतं. गावासमोर, यांच्या नावावर.

एके दुपारी फाईल वाचली गेली. सरांनी सर्वांत मोठा आकडा काढायला लावला. पडद्यावर आलं, ९९९.

"पाताळात गेली का काय विहीर!" सर हसले. मी खुर्ची मागे सरकवली.

"घाबरू नका. मोजलं न्हाई त्या दिवशी नऊशे नव्व्याण्णव टाकायचं, असं आमचं ठरलेलं. शेवटच्या उन्हाळ्यातले किती हायेत बघा."

अकरा ओळी आल्या. तारखा मला पाठ होत्या.

त्यांनी माझा एकही आकडा चढवला नव्हता. आणि मला काही बोललेही नव्हते.

"पण मला तर म्हणला होता, आता बायको जाती मोजायला," सर म्हणाले. "लई कौतुकानं सांगत होता. मंग हे असं कावून?"

टेप तुटली होती, वही हरवली, काहीही सांगता आलं असतं.

"जात होते," मी म्हणाले. "काठापर्यंत गेले नाही. टेप सोडलीच नाही."

सर म्हणाले, "ती विहीर हायच तसली. मीबी तिथं पोटावर झोपून वाकतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मधली जागा भरून देऊ का? दोन्हीकडचे आकडे धरून रेघ जोडता येती."

"नको."

९९९ म्हणजे रिकामं, असं मी फाईल वाचणाऱ्या ओळीत लिहिलं आणि एंटर दाबलं. आलेखातली रेघ नऊ वर्षं चालत येते, अकरा दिवस तुटते, मग बरीच खालून पुन्हा सुरू होते आणि लगेच संपते. त्या शेवटच्या आठवड्यात ते काही ऐकायचं असल्यासारखे माझ्याकडे बघत पडून असायचे. तेव्हा मला वाटायचं, त्यांना पाणी हवं आहे.