करपलेल्या दुधाचा वास

"तुमचं दूध इथे करपतंय," असं म्हणत डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवलं. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच पेशींची गाठ.

त्याआधी चार महिने मी ह्यांच्यावर आग पाखडत होते. भरदुपारी अचानक करपलेल्या दुधाचा वास यायचा, पोटात कसंतरी व्हायचं, मिनिटभरात सगळं थांबायचं. "अहो, गॅस!" म्हणून मी ओरडायचे. हे मुकाट्याने पातेलं आणून दाखवायचे. पातेलं लख्ख. तो वास म्हणजे फोकल सीझर, मेंदूच्या एका कोपऱ्यात उठणारी छोटी फिट, हे आम्ही बापजन्मात ऐकलं नव्हतं.

मोठी फिट आली ती वर्गात. सदाशिव पेठेतल्या घरी, बाहेरच्या खोलीत मी दहावीचं गणित शिकवते. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल होती, आणि कुणीतरी दातांत चमचा घालायच्या नादात माझा पुढचा दात तोडला होता. त्यानंतरच तो एमआरआय झाला.

ऑपरेशनमध्ये बरीचशी गाठ निघाली. उरलेली बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून तशीच ठेवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गोळी चुकवायची नाही, स्कूटर बंद, आणि तरीही फिट येऊ शकते.

"आणि वर्ग?" मी विचारलं.

"ते तुम्ही आणि मुलांनी ठरवा."

मुलांआधी पालकांनी ठरवलं. चौघांनी मुलं काढून घेतली. एक आई मायेने म्हणाली, बाई, आता आराम करा. मला असा संताप आला! गाठ डोक्यात होती, पण त्रिकोणमिती शाबूत होती ना?

वर्ग पुन्हा सुरू केला त्या पहिल्या दिवशी गणित बाजूला ठेवून फळ्यावर लिहिलं. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स. तोंडात काही घालू नका. चप्पल पायातच राहू द्या. घरात कुणाला फिट येत असेल, तर तुम्हीही हे लिहून भिंतीला लावा.

शिवाय मुलांशी ठरवलं, वास आला की मी विचारणार, "दूध करपल्याचा वास येतोय का कुणाला?" नाही म्हणालात, की मी चटईवर आडवी होणार.

दिवाळीनंतर एकदा विचारलं. "नाही, बाई." जाग आली तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाची तरी ओढणी. घड्याळ बघत बसलेल्या वर्गातल्या सईने वेळ सांगितली, एक मिनिट चाळीस सेकंद. उरलेले दात जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. पुढे, सोडून गेलेल्या चौघांपैकी दोघं परत आली. मी काही बोलले नाही. म्हणजे, थोडंसं बोलले.

परवा पुन्हा तोच वास आला. खडू ठेवला. रडूच आलं, आता परत सगळं पहिल्यापासून. तरी विचारलं. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "हो बाई, खूपच येतोय."

हे बाल्कनीत पेपर वाचत बसले होते आणि आत पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना दूध करपवल्याबद्दल थँक्यू म्हणाले.

पातेलं मात्र त्यांनाच घासायला लावलं.