दावणीची आठ जनावरं

माझे वडील टेंभुर्णीजवळचं माझं सासर बघायला आले तेव्हा त्यांनी दावणीला आठ जनावरं मोजली होती. घरी परतल्यावर आईला म्हणाले, "आठ हायेत. पोरीला दुधा-तुपाचा तोटा न्हाई." लग्नातही आठच होती. माहेरची माणसं ज्या दिवशी परतीच्या गाडीत बसली, त्याच संध्याकाळी शेजारचे चुलत सासरे आले आणि आपली चार जनावरं सोडून घेऊन गेले. मी नवी नवरी, दारात उभी राहून बघत होते. आमच्याकडे याला लबाडी म्हणत नाहीत. सोयरे यायचे म्हटलं की शेजाऱ्याची जनावरं आपल्या दावणीला, आणि त्याचे सोयरे आले की आपली त्याच्या दावणीला. सगळ्या गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे सात-आठ वर्षांनी त्याच आठ जनावरांनी माझं डोकं फिरवलं. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. सासूबाईंना दमा होता. चुलीपुढे भाकरी त्याच थापायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. आधी चार-पाच भाकरी झाल्या की थांबून श्वास घ्यायच्या. मग दोन भाकरींनंतर थांबायला लागल्या. त्या हिवाळ्यात एकेका भाकरीला थांबत होत्या. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या देतो, पण घरातला धूर बंद करा. न्हाईतर पुढचा हिवाळा अवघड आहे."

सिलिंडर आमच्या गावापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं होती. उरला गोबरगॅस. तो दोन प्रकारचा. एकात खड्ड्यावर मोठं लोखंडी टोपण बसवतात, गॅस साठला की ते वर उचललं जातं. दुसऱ्यात सगळं जमिनीखाली, विटांचा घुमट. हे शाळामास्तर. मास्तरांना कागद वाचल्याशिवाय पाणीसुद्धा पिववत नाही. ह्यांनी दोन्हींची माहितीपत्रकं आणली, लाल शाईने रेघा मारल्या, दिसेल त्याला विचारलं. दोन महिने चौकशीच चालली. मी रोज सकाळी खोकला ऐकायचे आणि भांडी आपटायचे.

शेवटी जालन्याचा टोपणवाला फटफटीवरून यायचा दिवस ठरला. त्या सकाळी मी पाणी घेऊन आले तर दावणीला आठ जनावरं! मला घागर खाली ठेवायचंही भान राहिलं नाही.

"आत्याबाई, ही कशाला बांधली?"

"तुझे मामंजी म्हणले, लोक बघतेत. धाकट्याच्या सोयरिकीचं चालू हाय ना." एवढं बोलून त्यांना दम लागला.

म्हणजे धाकट्या दिराच्या लग्नासाठी हे नाटक. टोपणवाला हुशार माणूस. आठ जनावरं मोजली, वहीत काहीतरी लिहिलं, पावलांनी अंगण मोजलं आणि म्हणाला, "मोठं टोपण लागंल. बिलकुल काळजी करू नका, दिवसभर शेगडी पेटती राहील." सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. बुधवारच्या बाजाराला जालन्याला जाऊन पक्कं करायचं ठरलं. तो वेशीबाहेर गेला न गेला, तोच चार जनावरं आपल्या घरी गेली.

मी ह्यांना गाठलं. "आठाचं पोट बांधून चाराचं शेण घालणार? पेटंल का ते?"

"आता आबांना कसं सांगू? नाक जाईल त्यांचं."

"आणि आत्याबाईंचा जीव गेला तर?"

हे चष्मा पुसत बसले. मला इतका संताप आला की मी मुलांना विनाकारण ओरडले. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखलं. बुधवारला पाच दिवस होते. दिवसभर मी आत-बाहेर करत राहिले, एका कामात लक्ष लागेना.

मग तीर्थपुरीला दिलेली माझी चुलतबहीण आठवली. तिच्याकडे विटांचा घुमट होता. सणाला भेटलो तेव्हा सांगत होती, "त्या गवंड्यानं जनावरं मोजलीच न्हाईत बाई. सकाळीच आल्ता, गोठ्यातलं शेण मोजून गेला." तेव्हा मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आता माहेरच्या कामाचं निमित्त काढलं, एसटी धरली, बहिणीला घेऊन त्या गवंड्याचं घर गाठलं आणि सांगितलं, "मंगळवारी सकाळी या. जल्दी या, उजाडताच. कुणाला कळवू नका." घरी मात्र एक अक्षर बोलले नाही. आयुष्यात सासऱ्यांच्या पाठीमागे केलेली ही पहिलीच गोष्ट.

मंगळवारी तांबडं फुटताच गवंडी दारात उभा. वयस्क माणूस, बोलणं कमी. सासरे तोंड धुवत होते. मी पदर सावरत म्हणाले, "मामंजी, हे घुमट बांधणारे. मीच बोलावलंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला धरणी दुभंगावी वाटलं. पण पाहुण्यासमोर काय करणार?

"दावणीला आठ—" त्यांनी सुरुवात केली. समोर आठ खुंटे होते आणि जनावरं चार.

"दावण राहू द्या मालक," गवंडी म्हणाला. "मला पाटी दाखवा. सकाळचं शेण किती निघतं?"

हे जमिनीकडे बघत उभे. तेवढ्यात सासूबाई गोठ्यातून पाटी घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे ठेवली. मग दुसरी, तिसरी. चौथी आणताना गोठ्याच्या खांबाला धरून थांबल्या. मी धावले तर मला हाताने अडवलं.

"चार पाट्या," त्या म्हणाल्या. "बारा महिने मीच उचलून राह्यले, मला बराबर माहीत हाय." मग सासऱ्यांकडे वळल्या. "आठाचं मोठेपण तुमाला, अन् धूर मला?"

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला असं कधी बोलल्या नव्हत्या. सासरे खांद्यावर उपरणं टाकून शेतात निघून गेले. जेवायला आले नाहीत. मी दिवसभर दाराकडे बघत होते, की आता घरातून मलाच बाहेर काढतात का काय. दिवेलागणीला आले, ओसरीवर बसले आणि ह्यांना म्हणाले, "त्या गवंड्याला निरोप दे. चाराचंच बांध म्हणावं." माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

घुमट पहिल्यांदा भरायला गाड्यांनी शेण लागतं. ते चुलत सासऱ्यांनी दिलं, त्यांच्या त्याच चार जनावरांचं. मग वाट बघणं आलं. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो, हे गवंड्याने बजावलं होतं. तरी मी रोज काडी लावून बघायचे आणि ती विझली की मनात चर्र व्हायचं. मीच चुकले असले तर? अठराव्या दिवशी निळी ज्योत धरली. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला आर न्हाई, निखारा न्हाई. भाकर कशी फुगंल?" पहिली करपली, दुसरी फुगली.

पुढच्या हिवाळ्यात धाकट्या दिरासाठी मुलीचे वडील घर बघायला आले. सकाळीच चुलत सासऱ्यांनी कुंपणापलीकडून हाक दिली होती, "जनावरं आणू का?" सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

चहा झाला. पाहुण्यांनी दावणीकडे बघून विचारलं, "जनावरं किती म्हणायची?"

मी दाराआड उभी.

"चार," सासरे म्हणाले. रिकामे खुंटे त्यांनी कधीच उपटून टाकले होते. "तेवढं बघितलं, आता सैपाकघर बघा."

पाहुणे अवघडून उठले. माझ्या वडिलांनी आठ जनावरं मोजली, पण आत डोकावा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पाहुणे उंबऱ्याशी थबकले. सासूबाई भाकरी थापत होत्या. सातवी होती, मी मोजत होते. त्या थांबल्या नाहीत, नुसतं तोंड वळवून म्हणाल्या, "या की आत. धूर न्हाई."