मावशीच्या डोळ्यातल्या माश्या

आपल्या पाटीवर माशी बसली, तर वर्सोव्याच्या आमच्या मावशीला तो सात पिढ्यांचा अपमान वाटे. कोळीवाड्यातून ती अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन यायची. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. घासाघीस करायची माझी हौस तिने पहिल्याच वर्षी मोडून काढली होती. बर्फाचा चुरा पसरत ती ऐकवायची, "नाकाने नाय बाय, नजरेने घे. मासलीचा डोला बघ."

तीच मावशी एका सकाळी रिकाम्या हवेत हात झाडताना दिसली. पापलेटांवर एकही माशी नव्हती. तिने पाटी धुतली, फडकं बदललं, आणि तरीही तिला दिसणारे काळे ठिपके हटेनात तेव्हा शेजारच्या यमुनाबाईवर घसरली. तुझ्या शिळ्या बोंबलांवरच्या माश्या माझ्याकडे येतात, असा तिचा आरोप. यमुनाबाईही काही कमी नव्हती. दोघींनी बाजार डोक्यावर घेतला आणि बोलणं टाकलं.

पुढच्या खेपेला मावशी मला हळूच म्हणाली, की माश्या घरातल्या पांढऱ्या भिंतीवरही दिसतात. मान वळवली की डोळ्याच्या कडेला वीज चमकते. तिला वाटत होतं, कुणीतरी करणी केली. मला भीती वेगळीच होती, तिच्या डोळ्यांची. मी तिला तशीच रिक्षात घालून डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले. मासळी कोण बघणार म्हणून ती कुरकुरत होती, तोवर यमुनाबाईने तिची पाटी आपल्याकडे ओढून घेतली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. थेंब घालून तिने डोळा तपासला आणि नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत पारदर्शक गर असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. त्यातल्या गुठळ्यांची सावली पडते, त्याच या माश्या. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. मावशीच्या डोळ्यात मात्र सुटता सुटता गराने पडदा ओढून जरासा फाडला होता. आणखी उशीर झाला असता तर पडदा निसटून नजर जायची भीती होती. त्याच दिवशी लेसरने ती फट सांधली. आत जाताना मावशी माझा हात सोडेना.

माश्या काही गेल्या नाहीत. त्या राहतील, सवय होईल, असं डॉक्टरने सांगितलंच होतं. मावशी बाजारात आली ती थेट यमुनाबाईपुढे उभी राहिली. "माश्या माज्याच होत्या गो," एवढंच म्हणाली आणि एक जाडजूड हलवा मासा तिच्या पाटीत ठेवला. पुढे पन्नाशीचं कुणी गिऱ्हाईक आलं की कोलंबी द्यायच्या आधी ती भर बाजारात चौकशी करी, डोळ्यापुढे काही तरंगतं का, वीज दिसते का. लोक ओशाळायचे. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

आता पाटीवर सून बसते आणि मावशी घरी असते. गेल्या महिन्यात दुधाच्या पातेल्यात मला केस दिसला. चमच्याने काढायला गेले तर तो चमच्याबरोबर सरकेना, नजरेबरोबर सरकला. मी मावशीला फोन केला. "दूध ऱ्हाऊ दे. आदी डोला दाखव," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी डोळा दाखवला. माझा पडदा शाबूत निघाला. नुसता गर सुटला होता. बाहेर येऊन मावशीला फोन लावला, तो बाजारातून परतलेल्या सुनेने उचलला.

"कुठे होता तुमी? आई सकालपासून जेवल्या नाय. तुमचा फोन येईपर्यंत घास घेनार नाय म्हनतात."

मी म्हटलं, "सांग तिला, डोळा ठीक आहे."

पलीकडे ताट ओढल्याचा आवाज आला, आणि मला दवाखान्याच्या दारातच रडू फुटलं.