लाल इंजिन, हिरवं इंजिन

डिझेलचा वास आला की मला पाणी उपसायची ती दोन इंजिनं आठवतात. साताऱ्याच्या एका साप्ताहिकासाठी मी त्यांची तुलना लिहिली होती. दोन्हींत सारखंच डिझेल घालून उसाच्या किती सऱ्या भिजतात ते चिखलात उभं राहून मोजलं आणि हिरवं सरस ठरवलं. पुढं सांगलीहून गावी गेलो, तर मामांच्या विहिरीवर लाल इंजिन धूर ओकत होतं आणि ऊस वाळत होता. “आवं मामा, हे कशाला घेतलं?” “तूच लिवलंयस की रं! खाली तुजं नाव हाय, बी.ए. सुद्दा.” संपादकांनी लाल इंजिनाच्या जाहिरातीपायी माझा निकाल परस्पर फिरवला होता. मी ते परोपरीनं सांगितलं. मामा नुसते “व्हय, व्हय” म्हणाले. घरातला पहिला पदवीधर मी, पण तेव्हापासून मामा आपली पत्रं माझ्याऐवजी शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेऊ लागले. त्या संपादकाला मी आजही माफ केलेलं नाही.