दक्षिणेस मधू

ईरा, अर्णव, तुमचे मधूआजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमच्या बाबाशीच बोलत होते, आणि तेही बँकॉकजवळच्या त्या जमिनीबद्दल. मध्येच दुसरा फोन वाजू लागला. "थांब रे निखिल," म्हणून मी तो घेतला... ठाण्याहून मधूची सून बोलत होती. त्याला काही आठवडे झाले, पण ते अर्धवट राहिलेलं बोलणं डोक्यातून जात नाही.

मधू माझा धाकटा भाऊ. ठाण्याच्या कोर्टात वकील, जमीनजुमल्याची कामं बघायचा. खरेदीखत हातात आलं की आधी चतुःसीमा वाचायचा : पूर्वेस काय, पश्चिमेस काय, शेजारी कोण. वाचून भागायचं नाही, जागेवर जाऊन चारी दिशांना तोंड करून उभा राहायचा. ही खोड आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीपर्यंत आली होती. रविवारी वेताच्या खुर्चीत बसला की सुरू, "पूर्वेस शेवग्याचे झाड, पश्चिमेस ताईचे स्वयंपाकघर, उत्तरेस जिना, दक्षिणेस मधू, त्यास चहा हवा आहे."

उन्हाळ्यात तुमच्या बाबाने तुमच्या बँकॉकच्या घरून त्या समुद्रकाठच्या जमिनीचा करार पाठवला. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले, मधू डोळे मिटून ऐकत होता. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून एजंटने तोड काढली होती. जमीन त्याच्या ओळखीच्या एका बाईंच्या नावावर घ्यायची, आणि त्यांनी ती निखिलला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. पैसे मात्र सगळे निखिलचे.

मधूने डोळे उघडले. "लाव त्याला फोन."

"मामा, इथे सगळे असंच करतात," निखिल म्हणाला. "आणि बाई अगदी घरच्यासारख्या आहेत. आम्हाला जेवायला बोलावतात."

"अरे, जेवायला मीही बोलावतो. कर माझ्या नावावर!" मधू खुर्चीत पुढे सरकला. "आपल्याकडे याला बेनामी म्हणतात. तिथेही ते चालत नसणार. तिथला वकील गाठ, पण एजंटने सुचवलेला नको. फ्लॅट घेता येतो ना परदेशी माणसाला? मग तो बघ. आणि उद्या तुझं काही झालं तर पोरांच्या हाती काय राहणार, हे विचारलंस?"

"पण मामा, समोर समुद्र आहे."

"समुद्र काय सातबारावर चढतो का रे?"

निखिल हसला, पण त्याने मनावर घेतलं नाही. आपल्या माणसांचं हे असंच. कुणी दोनदा पानात आग्रहाने वाढलं की तो घरचा, आणि घरच्या माणसाकडे कागद मागायचा कसा?

मग मधू आजारी पडला. दवाखान्यात गेले की तब्येतीचं बोलूच द्यायचा नाही. "ताई, सही केली का त्याने?" मी मानेनेच नाही म्हणायची. "सहीआधी जागेवर उभं राहायला सांग..." शेवटच्या भेटीतही हेच.

गेल्या आठवड्यात निखिल सही करायला निघाला. वाटेत जमिनीवर थांबून त्याने व्हिडिओ कॉल केला. "आई, समुद्र बघ!"

मला राहवेना. "पूर्वेस काय आहे रे?"

तो हसला, पण फोन फिरवू लागला. पूर्वेस समुद्र, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नारळाची बाग.

"आणि उत्तरेस?"

"कुंपण दिसतंय... मागच्या वेळी नव्हतं." तिथे कुणालातरी त्याने विचारलं. "बाईंच्या भावाने घातलंय म्हणे." मग तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. "आई, हे उद्या आत सरकलं तर भांडणार कोण? मालकीण तर त्याच."

सही झाली नाही. सध्या भाड्याच्याच घरात राहू, पुढे एखादा फ्लॅट बघू, म्हणाला. समुद्र गेला म्हणून तुम्ही दोघं रुसलात, तेही कळलं मला.

मधूला मात्र हे कळलंच नाही. संध्याकाळी गॅलरीत बसले की जीव एका जागी ठरत नाही. पूर्वेस शेवगा, पश्चिमेस स्वयंपाकघर, उत्तरेस जिना... तिथपर्यंत येते आणि उठते. आत एक फेरी मारून परत येते, वेताची खुर्ची तिथेच असते, आणि मी पुन्हा पूर्वेपासून सुरुवात करते.