दुपारच्या फोनमधली तिसरी बाई

रोह्याला आमच्या घरी बिनवायरचा फोन आला तो नव्वदच्या दशकात, माझ्या नणंदेच्या यजमानांनी आखातातून आणला म्हणून. डबा बाहेरच्या खोलीत भिंतीजवळ ठेवायचा आणि दांडा हातात घेऊन घरभर फिरायचं. सासूबाईंना तो आवडला नाही. "माणूस एका जागी बसून बोलला तर काय बिघडतं?" असं त्या म्हणायच्या. मला मात्र तो हवाच होता. आधीचा फोन बाहेरच्या खोलीत होता आणि तिथे बोललेलं सगळं घर ऐकायचं. आता मी मागच्या पडवीत, न्हाणीच्या पायरीवर बसून पेणला आईशी बोलू शकत होते.

माहेरी गणपतींचा कारखाना. फोनही तिथेच, रंगांच्या डब्यांशेजारी. दुपारी कारागीर जेवायला गेले की आई एकटीच असायची, म्हणून मी तेव्हाच फोन करायची. तिचा आवाज जरा घुमायचा. भोवती न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा, त्यामुळे असेल.

त्या वर्षी माझं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. हे कंपनीत, इलेक्ट्रिकल खात्यात होते. शिफ्टवरून येत, जेवत आणि झोपत. एका दुपारी मी आईला जे सांगितलं ते यांनाही सांगितलं नव्हतं.

"आई, मी अजून त्याच्याशी बोलते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. आहे असं समजून. मला वेड लागलंय का गं?"

मग फोनमधून आवाज आला, शांत आणि अगदी जवळून.

"बोल गो त्याच्याशी. ता बाळ ऐकताय."

मला वाटलं, आईच बोलली. बोलणं तिच्यासारखं नव्हतं, तरी मनाने ते तिच्याच नावावर घातलं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आई म्हणाली, "तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"कुणी नाही. का?"

"आत्ता कोण बोललं मग?"

"तूच ना?"

"मी नाय बोलले," आई म्हणाली. "कोणतरी बाई बोलली. मला वाटलं, तुझ्या शेजारची."

फोनमध्ये बारीक खरखर चालू होती आणि तिच्या मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय असं मला वाटत होतं. मी दांडा पायरीवर ठेवून उठले आणि ऊन होतं तिथे अंगणात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी यांना आवाजाचं तेवढं सांगितलं, बाकीचं नाही. "क्रॉस कनेक्शन," ते म्हणाले. सासूबाईंनी काही न बोलता डब्याला अंगारा लावला.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावर माझ्याच वयाची एक मुसलमान बाई होती. मी कंपाउंडरला काहीतरी विचारलं, तशी तिने झटकन मान वर केली. मग सरकून माझ्या शेजारी आली.

"तुमच्या आईचा गुडघा कसा हाय आता?"

मी तिला आधी कधीच पाहिलं नव्हतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "आम्ही मागच्या मोहल्ल्यात राहतो. आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दुपारी त्या तुमचा फोन ऐकतात. जवळ बसून मीपण ऐकलाय तुमचा आवाज."

तिच्या नवऱ्यानेही आखातातून तसाच फोन आणला होता. पावसात वीज पडून डबा जळला. आता त्यात फक्त दांडा चार्ज व्हायचा. लेकाने आणलेली वस्तू म्हणून म्हातारी दांडा उशाशी ठेवायची आणि बटण दाबून कानाला लावायची. एके दिवशी त्यात माझा आवाज आला.

संध्याकाळी घरी हे ऐकल्यावर यांनी आमच्या दांड्याच्या बॅटरीचं झाकण उघडलं. आत बारीक बटणांची ओळ होती, सगळी एकाच बाजूला. "कारखान्यातून आली तशीच आहेत," ते म्हणाले. "त्यांचीही तशीच असणार. हा डबा आपल्याला ओळखत नाही. बटणं जुळली की कुणाचाही दांडा त्याला आपलाच वाटतो. त्याला आपल्या लाइनवर बोलूसुद्धा देतो."

"मग बटणं बदला."

"बदलतो. म्हणजे कुणी मध्ये बोलणार नाही. पण ऐकणाऱ्याला कसं अडवणार? आवाज हवेत जातो."

रविवारी आम्ही दोघं त्या घरी गेलो. म्हातारी खिडकीजवळच्या खाटेवर होती, अगदी वाळलेली. मी बोलायला लागले तशी तिने डोळे मिटले आणि हसली. चेहऱ्यापेक्षा आवाजाने ती मला जास्त ओळखत होती. माझ्या दिराचं लग्न, आईची औषधं, मागच्या महिन्यात बिघडलेलं लोणचं, तिला सगळं ठाऊक होतं. माझंच आयुष्य परक्या खोलीत बसून ऐकताना अंगावर काटा येत होता. तरी मी तिचा हात हातात घेतला.

"त्या दिवशी तुम्ही बोललात ना?" मी विचारलं. "मला बरं वाटलं."

तिने डोळे उघडले. "मी नाय बोलले, गो."

सून म्हणाली, "त्यांना बोलताच येत नाय यातून. दांडा पडला तेव्हापासून बोलायची बाजू बंद हाय."

यांनी खात्री करून घेतली. घरी जाऊन आमचा फोन उचलून ठेवला आणि परत येऊन म्हातारीच्या दांड्यात फुंकर मारली, बोलून पाहिलं. घरी सासूबाई कान लावून बसल्या होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

"मी पण ऐकला तो आवाज," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या घरचीच कोण जाणती बाई हाय."

आम्ही दोन्ही गल्ल्यांत विचारलं. तसला फोन आणखी कुणाकडे असल्याचं कुणी कबूल केलं नाही. यांनी बटणं बदलली, पण मी तो दांडा पुन्हा हातात घेतला नाही. जुना फोन परत जोडून घेतला आणि आईशी बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर बोलू लागले. जे खाजगी ते पेणला गेल्यावर बोलायचं, असं ठरवून टाकलं.

मात्र दुपारची मी म्हातारीकडे जाऊ लागले. आता तिला माझा आवाज दुसरीकडून मिळत नव्हता. दीड वर्षाने मला मुलगी झाली, तेव्हा तिला आधी त्या खाटेवर नेऊन ठेवलं. म्हातारीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, "त्या बाईची तुला भीती वाटते अजून?"

"वाटते," मी म्हणाले.

"मला नाय वाटत. पण तू तर त्यात बोलत नाय आता; ती अजून ऐकत असंल तर कुणाचं ऐकते, ते कळत नाय."