माझ्यासाठी गाऱ्हाणं घालणारा माणूस

तातूकाका गेल्याची बातमी आली तेव्हा माझा फोन टेबलावर पालथा पडला होता. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना एका खोलीत बोलावलं होतं आणि मोठे साहेब घसा खाकरत सांगत होते, की येत्या काळात काही अवघड निर्णय घ्यावे लागतील. अवघड निर्णय म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती, वरच्या मजल्यावरच्या कंपनीत ते आधीच घेऊन झाले होते आणि तिथली निम्मी माणसं आता लिफ्टमध्ये दिसत नव्हती. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाहेर येऊन फोन सुलटा केला तर आईचे ओळीने मिस्ड कॉल. लावला, तर ती म्हणाली, "तातूकाका गेले गो बाय. खळ्यात उभे होते ते खाली बसले, आणि मगे उठूकच नाय..." मला पहिलं काय वाटलं ते लिहूनच टाकते. आता माझ्यासाठी गाऱ्हाणं कोण घालणार, हे वाटलं. रडू त्यानंतर आलं.

आणि दुसरं वाटलं ते हे, की काका बसले कसे? तातूकाका म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ, कोकणात मिठबावला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. सगळी नोकरी त्यांनी देवगडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून केली. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा आहे, हे माइकवरून सांगायचं ते काम. माइक बिघडला तरी अडत नसे, असा आवाज. पायाला भिंगरी आणि स्वभावाला घाई. त्यांना मी पाट घेऊन, खुर्ची घेऊन, निवांत बसलेलं कधी पाहिलं नाही. चहासुद्धा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, फेऱ्या मारत प्यायचे आणि काकी बशी हातात घेऊन दारात उभी राहायची. निवृत्त झाल्यावरही कोणी गावाहून निघालं की हे आपले खळ्यातून पुकारणार, "मिठबाव-पुणा, पुणा जाणारी गाडी सुटात आता, परवाशांनी चाय आटपूची." स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना निरोप देण्याचंच काम केलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे काही नवं करायचं असलं, होडी पाण्यात लोटायची, पोरीचं लग्न ठरवायचं, म्हैस विकत आणायची, तर देवासमोर उभं राहून एकाने मोठ्याने सगळी हकिगत सांगायची आणि मागणं मागायचं. बाकीच्यांनी प्रत्येक मागणीच्या शेवटी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मागच्यांनी होकार भरला नाही तर ते गाऱ्हाणं पुरं होत नाही. आमच्या वाडीत हा मान काकांचा. आणि त्यांचा एक हट्ट होता, स्वतःसाठी ते कधी गाऱ्हाणं घालत नसत. त्यांना गुडघ्यांचा एवढा त्रास होता, तरी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपल्यासाठी आपणच मागला तर ती भीक झाली गो. दुसऱ्यासाठी मागूचा, तेका गाराणा म्हणतत." हे शास्त्र कुठलं, मला माहीत नाही. बहुतेक त्यांचंच.

मी इंजिनिअर झाले त्या वर्षी नोकऱ्यांचा बाजार पडला. कॉलेजातच नोकरीचं पत्र हातात मिळालं होतं, आईने वाडीभर पेढे वाटले होते. मग रुजू होण्याची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि एक दिवस दोन ओळींचा मेल आला, की क्षमस्व. पेढे खाल्लेली माणसं भेटली की विचारायची, "खंय लागलंस गो?" मी रस्ता बदलून जायला लागले. दिवसभर अर्ज करायचे. नवख्यांसाठी जागा म्हणायचं आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागायचा, असल्या जाहिराती. परीक्षा द्यायच्या, पुढची फेरी कळवतो म्हणायचे, आणि मग कंपन्या ताकास तूर लागू देत नसत. नकार आला असता तर निदान रडून मोकळी झाले असते. आंब्याचा हंगाम सुरू झाला तशी मी बाबांबरोबर पेट्या भरायला बसले. एका हातात हापूस आणि दुसऱ्या हातात फोन, मेल आला का, मेल आला का... रात्रंदिवस जीव टांगणीला. एका जागी दहा मिनिटं बसवत नसे.

माझ्याहून अस्वस्थ काका. कुंपणापलीकडून दिवसातून तीनदा हाक, "मेल इलो?" मुलाखतीच्या फेऱ्या म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं, तर त्यांनी त्याचे लगेच थांबे करून टाकले. परीक्षा झाली म्हणजे गाडी फोंडाघाट चढली. पहिली मुलाखत म्हणजे कोल्हापूर. शेवटची उरली की म्हणायचे, "सातारा इला. आता पुणा कितक्या लांब रवला?" अशा कितीतरी गाड्या साताऱ्याला बंद पडल्या. प्रत्येक वेळी ते देवळात जाऊन नव्याने गाऱ्हाणं घालायचे. देवालासुद्धा तेच तेच ऐकून कंटाळा आला असेल, असं मी चिडून म्हणाले, तर काका म्हणाले, "स्टँडार एकदा सांगान कोण आयकता? परत परत पुकारूक लागता."

आणि मग ती देवळातली मुलाखत झाली. कंपनी मोठी होती, शेवटची फेरी होती आणि ती व्हिडिओवर द्यायची होती. आमच्या घरी रेंज येते ती विहिरीकाठच्या माडाखाली, तीही वारा असला तर. गावात चांगली रेंज एकाच ठिकाणी, देवळाच्या सभामंडपात, कारण समोरच्या सड्यावर, कातळाच्या माळावरच, टॉवर आहे. म्हणून मी चांगले कपडे घालून, लॅपटॉप घेऊन, सभामंडपातल्या खांबाला पाठ लावून बसले. तेवढा वेळ कोणाला आत सोडायचं नाही, हे काम काकांकडे होतं. ते पायरीवर उभे राहिले आणि देवळात सारवायला आलेल्या बायकांना त्यांनी बाहेरच थोपवलं. त्यांत काकीही होती. पडद्यावर तिघं होते, मधल्या मॅडम चष्म्यावरून बघत होत्या. दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्याचं उत्तर देता देता पडदा थिजला. तिघेही तोंड उघडं ठेवून चित्रासारखे थांबले. मी हलवून बघितलं, पुन्हा पुन्हा हॅलो म्हटलं, आणि शेवटी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काकांनी पायरीवरून तेवढंच पाहिलं. त्यांच्या दृष्टीने वेळ आली होती. तडक गाभाऱ्यासमोर येऊन उभे राहिले, मागून बायका आल्या, आणि डिझेलच्या इंजिनांवर मात करणाऱ्या त्या आवाजात सुरू झालं, "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या बापा! आज ह्यां तुझां लेकरू, आमचां चेडू, तुझ्या दारात बसान परीक्षा देता हा..." माझी रेंज नेमकी तेव्हाच परत आली. मी हात हलवते आहे, काकांचे डोळे मिटलेले. "समोर जे कोण सायब बसले आसत, तेंका सुबुद्धी दी! तेंच्या पोराबाळांका सुखी ठेव! आणि ह्या चेडवाक एकदाचा खुर्चेर बसव रे म्हाराजा!" मागून सगळ्या बायका एका सुरात, "व्हय म्हाराजा!" पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, माझे काका आहेत. तुम्हा तिघांसाठी देवाकडे मागतायत." त्या हसल्या असाव्यात. मला नीट दिसलं नाही, माझे कान तापले होते. पुढच्या प्रश्नांना मी काय उत्तरं दिली ते मला आजही आठवत नाही.

आठवड्याने नकार आला. त्या कंपनीत माझी एक वर्गमैत्रीण होती, तिने नंतर सांगितलं, की ती जागाच रद्द झाली होती, कोणालाच घेतलं नाही. मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "समजूत घालतंस तू माझी." आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. लोकांच्या होड्यांसाठी, लोकांच्या म्हशींसाठी गाऱ्हाणी चालू होती. माझ्या मुलाखती मात्र ते विचारेनासेच झाले. कुंपणापलीकडे फेऱ्या ऐकू यायच्या, पण ‘मेल इलो?’ ही हाक बंद झाली. ती हाक ऐकली की मी कावायचे, आणि ती थांबल्यावर मला वाडीत राहवेना. मला त्यांचा राग आला, कीवही आली. एवढा मोठा आवाज आणि एका नकाराने बसला.

पावसाळा संपता संपता पुण्याच्या एका लहान कंपनीने प्रत्यक्ष बोलावलं. औषधांच्या गोदामांसाठी लागणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिथे बाहेरच्या सोफ्यावर माझ्यासारखेच सात-आठ जण फायली मांडीवर घेऊन बसलेले, जागा एकच. सगळे माझ्याहून हुशार दिसत होते. मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, "काका, गाराणा घाला."

"नको गो. माझ्या तोंडान एकदा तुझो घात झालो."

"तुमी घातल्याशिवाय मी आत जावचंय नाय. आता नाव पुकारतील माझा."

पलीकडे नुसती पावलं वाजत होती. मग ती थांबली. "बरा," काका म्हणाले, "पण हंय माझ्यामागे कोण नाय. होकार तुका भरूक लागात." आणि त्यांनी खळ्यातूनच, देवळाकडे तोंड करून सुरुवात केली असणार. या वेळी आवाज हळू होता, मला फोन कानाशी घट्ट धरावा लागला. त्यांनी माझं नाव सांगितलं, वाडीचं नाव सांगितलं, पोर खूप फिरली, आता हिचे पाय थांबव, असं म्हणाले, आणि गप्प झाले. ती गप्प राहण्याची जागा माझी होती. समोर सात-आठ इस्त्रीचे शर्ट. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." सगळ्यांनी वर पाहिलं. शेजारच्या मुलीने किंचित सरकून घेतलं. त्यानंतर मला कशाचीच लाज उरली नाही आणि आत जाऊन मी जे येतं ते येतं आणि जे येत नाही ते येत नाही असं सरळ सांगितलं. नोकरी लागली. देवामुळे लागली असं मी म्हणत नाही. पण त्या दारातून मी एकटी आत गेले नव्हते, एवढं मला माहीत आहे.

त्यानंतर काकांचा प्रश्न ठरलेला, "खुर्ची बरी आसा मा?" पगार विचारला नाही, हुद्दा विचारला नाही. खुर्ची. यंदा चवथीला, गणपतीत, घरी गेले तेव्हाही तेच. मी म्हटलं, "खुर्ची बरी आसा, पण बाजार परत पडतासा दिसता." ते आरतीची तयारी सोडून खळ्यात फेऱ्या मारायला लागले... ती शेवटची भेट.

कामाचं अजून काही कळलेलं नाही. कपातीची यादी निघणार म्हणतात, निघत नाही. मी पुन्हा अर्ज करायला लागले आहे, पुन्हा रात्री उठून मेल बघते. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुण्याला निघाले होते. बॅग घेऊन काकांच्या खळ्यात आले, सवयीने थांबले. पुकारा झाला नाही. तुळशीपासून कुंपणापर्यंत त्यांच्या फेऱ्यांनी जमीन घासून गुळगुळीत झाली आहे, तिथे गवत उगवत नाही. काकी दारात आली. हातात बशी नव्हती, तर हातांचं काय करावं ते तिला कळत नसावं. म्हणाली, "ऑफिसात काय गडबड आसा म्हणान तुझी आवस सांगी होती."

मी मान हलवली.

"मगे उभी रव. हात जोड."

"काकी, गाराणा तू घालतलंस?"

"तेंच्या मागसून होकार भरण्यात जल्म गेलो माझो. येवचा नाय?" ती त्या गुळगुळीत पट्ट्यावर येऊन देवळाकडे तोंड करून उभी राहिली. आई कुंपणाशी आली. "बा देवा म्हाराजा," काकी म्हणाली. आवाज तिचा होता, पण शब्द त्यांचे होते, थांबण्याच्या जागा त्यांच्या होत्या. माझं नाव झालं, वाडी झाली, चेडवाची खुर्ची तिका रवांदे, हेही झालं, आणि आम्ही होकार भरला. मला वाटलं संपलं. मी बॅग उचलली. पण काकीचे हात जोडलेलेच होते.

"आणि आमचो माणूस तुझ्या दारात इलो आसा," ती म्हणाली. "जल्मभर उभो रवलो. आपल्यासाठी कधी कायच मागूक नाय तेना. तेका बसूक जागा दी रे म्हाराजा..."

ती थांबली. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. आईला हुंदका फुटला होता, म्हणजे उरले मी. मी बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, व्हय म्हाराजा.